बसायची जागा

तामसी सोडून गाडी अजून नीट वेगाला लागली नव्हती, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. नुसता वाजला नाही, मानगुटीवर बसला. नागनाथनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवल्याप्रमाणे आधी आरशात पाहिलं, तर आरसा एका लाल भिंतीनं भरून गेलेला. त्यानं घाईघाईनं डावीकडची चाकं कच्च्यात उतरवली आणि ब्रेक दाबला. कापसाची लॉरी खेटून पुढं गेली. त्याची छोटी पांढरी मारुती जागच्या जागी थरथरली, काचेवर धूळ बसली आणि धुळीवर कापसाचे पुंजके. एरवी तो शिव्या देणाऱ्यांतला नव्हता. आदिलाबादच्या मराठी हायस्कूलचा मास्तर, त्यातून भूगोलाचा. फारच रागावला तर नकाशावर छडी आपटणारा. पण आज सकाळपासून एक शिवी त्याच्या ओठावर येऊन बसलेलीच होती, ती कुणाला द्यायची एवढंच ठरायचं होतं. लॉरीवाल्याला द्यावी म्हणून त्यानं मान वर केली आणि शिवी तोंडातच राहिली. लॉरीवर, फुगलेल्या ताडपत्रीच्या अगदी माथ्यावर, दोरांत पाय अडकवून आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याचा बाप बसला होता.

डोमाजीच होता तो, शंकाच नको. लॉरीच्या तोंडाकडं त्यानं पाठ केली होती, मागं तोंड करून तो बसला होता, म्हणजे सरळ नागनाथकडंच बघत होता. मांडीशी एक गाठोडं होतं. नागनाथ गाडी कच्च्यात तशीच उभी ठेवून क्षणभर बघत राहिला. सकाळी याच बापानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून सांगितलं होतं, की आपल्याच्यानं आता मोटारीत बसणं होणार नाही. मोटारीत! जमिनीपासून वीतभर उंच असलेली ती गाडी, तिच्यात आपोआप बसल्यासारखं बसता येत होतं. आणि हेच गुडघे आता दोन माणसं उंच कापसाच्या डोंगरावर चढून बसले होते. नागनाथला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या आधी आलं कुतूहल. बापाला यायचंच नव्हतं तर तो या लॉरीवर काय करतो? आणि यायचं होतं, तर मग माझ्याबरोबर का नाही?

त्यानं पहिला गिअर टाकला आणि लॉरीच्या मागं निघाला.

ही मोटार त्यानं घेतली होती तीच मुळी बापासाठी. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. भीमपूरच्याही पलीकडं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर त्यांचं गाव. तिथं बौद्धवाड्यातल्या घरात डोमाजी एकटा राहत होता. दिसायला कमी झालं होतं, भाकरी करपायची, आणि तो करपलेली भाकरी तशीच खाऊन शेजारणीला सांगायचा, की मला अशीच आवडते. नागनाथची बायको मनकर्णा म्हणाली, बाबांना इथंच घेऊन या, पुढची खोली त्यांची. त्या खोलीला तिनं चुनाही देऊन घेतला. पण एसटीची पायरी डोमाजीला चढवेना. एकदा दोघांनी धरून चढवलं तर वर जाऊन त्यानं मागच्यामागं उतरून दाखवलं. तेव्हा नागनाथनं एका बदली झालेल्या बँकवाल्याची जुनी मारुती घेतली, गाडी चालवायला शिकला, आणि एक्क्याण्णव सालच्या ऐन कापसाच्या हंगामात, रविवार बघून, बापाला न्यायला गावी गेला.

गाव गाडीभोवती जमलं. मास्तरांनी काडीपेटी आणली असं कुणी म्हणालं, हिला बैल कुठून जुंपायचे असं दुसऱ्यानं विचारलं, आणि सगळ्यांत जास्त हसला तो डोमाजी. त्यानं गाडीला एक फेरी घातली, टपावर थाप मारली, आरशात आपले दात पाहिले. तो खूश होता हे नागनाथनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग नागनाथनं मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर मनकर्णानं नवी सोलापुरी चादर अंथरून दिली होती, उशाला लोडही होता. तो अदबीनं बाजूला झाला आणि म्हणाला, बसा बाबा. बाप त्या चादरीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू असा उतरला, जसा घरात दिवा कुणी दुसऱ्या खोलीत घेऊन जावा. मग गुडघ्यांचं कारण निघालं. मग घराला कुलूप कोण लावेल, शेळीचं काय, विहारातल्या झाडांना पाणी कोण घालेल. नागनाथनं समजावलं, विनवलं, आणि शेवटी चार लोकांदेखत त्याचा आवाज चढला. मंग राहा इथंच एकटे, असं म्हणून तो निघाला. तामसीला येईपर्यंत त्याला आपल्याच वाक्याची लाज वाटायला लागली होती. रिकामी गाडी घेऊन मनकर्णापुढं जायची छाती होईना, म्हणून तो तिथल्या हॉटेलात नुसता चहावर चहा घेत बसला. तेवढ्यात कापूस भरून झाला असणार आणि लॉरी गावातून निघाली असणार.

पुढं लॉरी डुलत चालली होती. तिचं पोट दोन्ही बाजूंनी इतकं सुटलं होतं की झाडाच्या फांद्यांना कापूस लागून राहत होता. रस्त्याकडेची सगळी बाभळ पांढरी झाली होती. नागनाथला ओव्हरटेक करता आलं असतं, एकदोनदा रस्ता मोकळाही मिळाला. पण पुढं जाऊन करायचं काय? पुढं गेलं की बाप दिसणार नाही. तो ठरावीक अंतर ठेवून मागं राहिला. वर डोमाजी कपाळावर हात आडवा धरून खाली बघत होता. त्याला काचेतून मुलगा दिसत होता की नुसती पांढरी ठिकरी, कोण जाणे.

गाडी लहान म्हणून नको असेल का? नागनाथला या विषयाचा नाद होता. शाळा सुटली की तो नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या टपरीवर उभा राहायचा आणि माणूस कुठली गाडी का घेतो याचा विचार करत चहा गार करायचा. घरात तीन माणसं असलेला कंत्राटदार बस वाटावी एवढी गाडी का बाळगतो, आणि सात लेकरांचा शिंपी स्कूटरवर कसा भागवतो? दवाखान्यातले थोरले डॉक्टर सायकलवर येतात, कंपाउंडरला मात्र जीप हवी असते. स्टाफरूममध्ये यावर घनघोर चर्चा होई. एक म्हणे, मोठं घर पोकळ वासा. दुसरा म्हणे, मूर्ती लहान पण कीर्ती महान, आणि मारुतीकडं बघून डोळा मारी. नागनाथ म्हणे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पण हे उत्तर खरं नाही हे त्याचं त्याला कळत होतं. त्या भावात एक थकलेली जीपही मिळत होती, दहा माणसं बसतील अशी. ती त्यानं बघितलीसुद्धा नाही. मनकर्णाला हे कोडं घातलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याले जेवढी भीती, त्याची गाडी तेवढी मोठी." नागनाथ खूश झाला. म्हणजे मी निर्भय, असं म्हणाला. तेव्हा तिनं मान वर केली. "तुमाले मानसांची भीती हाये. म्हणून चारच सीटा."

हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं, कारण ते खरं होतं. लहानपणी दर दसऱ्याला वाड्यातून नागपूरला लॉरी जायची, दीक्षाभूमीवर. सगळा बौद्धवाडा त्या एका लॉरीत. म्हातारी माणसं कडेला टेकून, बाया मधे पोरांना घेऊन, बाप्ये उभे. निळा झेंडा पुढं फडफडायचा आणि गाणी सुरू व्हायची, ती नागपूर येईस्तोवर थांबायची नाहीत. डोमाजीचा आवाज खणखणीत होता. वर्षभर ज्याचा आवाज घरात ऐकू यायचा नाही, तो त्या लॉरीत चढला की दुसराच माणूस व्हायचा. ओळीमागून ओळ उचलायचा, टाळ्या मागायचा, कुणाचंही पोर खांद्यावर घ्यायचा. कुणाचंही. नागनाथ खाली कंबरांच्या आणि लुगड्यांच्या गर्दीत चेपलेला असायचा, डिझेलच्या वासानं त्याला मळमळायचं, आणि वर बघितलं की बापाच्या खांद्यावर दुसऱ्याचं पोर बसलेलं असायचं. त्याला तेव्हा वाटायचं, एक गाडी अशी असावी की तिच्यात जागाच नसावी. मी आणि बाबा बसलो की ती भरावी. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मनकर्णाला तर नाहीच, आणि स्वतःलाही आत्ताच, या लॉरीच्या धुळीत, सांगत होता. चाळिशी उलटलेल्या माणसाला असं काही कळलं की हसू येतं. त्याला हसू आलं आणि डोळेही चुरचुरले. धुळीनं असतील, त्यानं काच वर केली.

पण हे त्याचं कारण झालं. बापाचं कारण काय? डोमाजीला लॉरी आवडते, ठीक. पण आज वरती गाणी नव्हती, माणसं नव्हती, नुसता कापूस. लॉरीत मोठेपणा वाटतो म्हणावं तर मोठेपणाचा डोमाजीला कंटाळा. गावात मोठेपणा कसा असतो तो त्यानं जवळून पाहिला होता. अमृतराव हे गावातले मोठे शेतकरी, आणि डोमाजी त्यांचा सालगडी. अमृतरावांना कुठं जायचं असलं, बाजारला, कचेरीत, सोयरिकीला, की डोमाजी त्यांची दमणी जुंपायचा. छपराची, गादीची, घुंगरांची बैलगाडी. डोमाजी पुढं बसून हाकायचा आणि अमृतराव मागं लोडाला टेकून. नागनाथ तेव्हा एवढासा होता, दमणीमागं वेशीपर्यंत पळायचा. आणि त्याची अशी पक्की समजूत होती की दमणी आपल्या बाबांची आहे. सगळ्यांत पुढं बसतो तोच मोठा, नाही का? कासरा त्याच्या हातात, बैल त्याचं ऐकतात, आणि मागं जो म्हातारा बसलाय त्याला बाबा कुठंतरी पोचवून देतायत बिचाऱ्याला. शाळेत त्यानं हे अभिमानानं सांगितलं तेव्हा वर्ग हसला. मास्तरांनी त्याला जवळ घेऊन समजावलं, की अरे, मागं बसतो तो मालक, पुढं बसतो तो गडी. नागनाथच्या भूगोलाचा तो पहिला धडा. तो त्याला इतका पाठ झाला, की आपल्या गाडीचं दार बापासाठी उघडायची वेळ आली तेव्हा कुठलं दार उघडायचं याचा त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

आदिलाबाद जवळ आलं. तामसी रस्त्याचं रेल्वे फाटक बंद होतं. लॉरीचे ब्रेक लांबलचक कण्हले, तिच्यामागं मारुती थांबली, आणि थोड्या वेळात मागं टांगे, सायकली, शेंगावाले असा सगळा बाजार उभा राहिला. नागनाथ इंजिन बंद करून बसून राहिला. फाटक उघडलं की लॉरी डावीकडं कापसाच्या यार्डाकडं वळणार आणि त्याचं घर उजवीकडं. म्हणजे जे काही विचारायचं ते इथंच. आणि त्याला विचारायची भीती वाटत होती, कारण उत्तर काय येईल ते त्यानं वाटेत मनाशी घोळवून ठेवलं होतं: तू आता आमचा राहिला नाहीस, तुझ्या घरी माझा जीव लागायचा नाही. मनकर्णानं चुना दिलेली खोली त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो दार उघडून खाली उतरला.

लॉरी चंपतची होती, वाड्यातल्याच पोराची. म्हणजे आता तो पोर राहिला नव्हता, मिशा पिकायला आल्या होत्या. तो केबिनमधून उतरला आणि त्यानं आधी हॉर्नबद्दल माफी मागितली, मास्तरची गाडी आहे हे आपल्याला उशिरा कळलं म्हणाला. मग आवाज खाली आणून सांगितलं, की काका आपण होऊन आले. तुम्ही गेल्यावर घरात गेले, गाठोडं बांधलं, शेळी शेजारी बांधून आले, आणि लॉरीलगतच्या कापसाच्या ढिगावरून चढून ताडपत्रीवर जाऊन बसले. केबिनमध्ये बसा म्हटलं तर ऐकेनात. मागं बघत बसायचंय, पोरगं वाटेत कुठं थांबलेलं दिसेल, असं म्हणत होते.

नागनाथनं वर पाहिलं. ऊन डोमाजीच्या मागं होतं, त्यामुळं त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "मले एवढंच सांगा. लारी काऊन? मोटार काऊन नाई?"

डोमाजीनं टॉवेल सोडला, तोंड पुसलं. मोटार चांगली आहे, मजबूत आहे, आपल्याला आवडली, असं म्हणाला. हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं.

"मंग?"

"तू मले मांगं बसवलं."

"मांगं आरामाची जागा असते, बाबा. मोठे लोक मांगंच बसतात."

"तेच तं." डोमाजी थोडा पुढं वाकला. फाटकाशी एवढा गलका होता, पण त्याला आवाज चढवावा लागला नाही. "मोठे लोक मांगं बसतात अन् गडी समोर बसून हाकलते. सारी जवानी हाकलली म्या अमृतरावची दमणी. त्यानं कधी तोंडानं नाई सांगतलं कुठं वळाचं ते. मांगून पायाचा आंगठा लावे पाठीले. डाव्या बाजूले लावला का डावीकडं, उजव्या बाजूले लावला का उजवीकडं. माहं तोंड त्यानं पाह्यलंच नसन. माही पाठ तेवढी त्याले पाठ." त्यानं टॉवेल मांडीवर टाकला. "तुले शिकोलं ते तुही पाठ पाहाले नाई शिकोलं म्या."

चंपत दुसरीकडं बघायला लागला. आंगठ्याचं नागनाथला ठाऊक नव्हतं. दमणीमागं तो इतका पळाला, पण मागून छपराच्या आत अंधार दिसायचा, त्या अंधारात कुणाचा पाय कुठं आहे ते कधी दिसलं नव्हतं. रात्री आई बाबांची पाठ शेकायची ते आठवलं. त्याला वाटायचं, बैल ओढून दुखत असेल. आणि ज्या जागेवर तो आंगठा लागायचा, अगदी त्याच जागेवर स्वतः बसायचं ठरवून, तो आज बापाला म्हणाला होता, बसा बाबा. मान द्यायला गेला होता तो, आणि खरोखरच मान द्यायला. त्याच्याजवळ असलेला सगळ्यात मोठा मान त्यानं त्या चादरीवर अंथरला होता. त्याला बापाचा राग आठवेना, स्वतःचाही येईना. फक्त इतकी वर्षं हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही, आणि आपण सगळ्या जगाला का, का विचारत फिरलो ते बापाला एकदा का विचारलं नाही, एवढंच मनात येत राहिलं.

"समोर जागा असन तं येतो," वरून डोमाजी म्हणाला. "नाईतं कापूस उतरला का चंपतसंगं वापस जातो."

"हाये," नागनाथ म्हणाला. "समोर जागा हाये."

आधी गाठोडं खाली आलं. मग उतरायचं कसं यावर खल झाला. नागनाथ लॉरीला खेटून उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर पाय ठेवा म्हणाला. डोमाजीनं मान हलवली. पाय तो ठेवणार नव्हता. मग तो कापसावर पालथा झाला आणि ताडपत्रीवरून घसरत घसरत, दोर धरत, एखादं पोर उतरावं तसा उतरला, आणि खाली नागनाथनं आणि चंपतनं त्याला कमरेला धरून अलगद घेतला. क्षणभर बापलेक एकमेकांना धरून उभे राहिले. डोमाजीच्या मिशांना कापूस लागला होता. बाजूचा शेंगावाला हसला, डोमाजीही हसला.

नागनाथनं पुढचं डावं दार उघडलं. डोमाजीनं आधी वाकून आत बघितलं, मग बसला. पुढची जागा मागच्यापेक्षा अडचणीचीच होती. गुडघे पुढं टेकत होते. सीट मागं सरकवायचा दांडा होता, पण तो बँकवाल्याच्या काळापासून अडकलेला, नागनाथनं दोनदा ओढून पाहिला आणि सोडून दिला. डोमाजीनं उजवा पाय जरा आडवा केला तेव्हा कुठं तो मावला. सकाळची मागची चादर, लोड, सगळं तिथंच मागं पडून राहिलं. त्याच्यावर गाठोडं ठेवलं. छोट्या डब्यांची गाडी शिट्टी देत निघून गेली आणि फाटक वर जाऊ लागलं. मागच्यांनी लगेच घंटा आणि हॉर्न सुरू केले. चंपतनं केबिनमधून हात हलवला आणि लॉरी डावीकडं वळली.

नागनाथनं गाडी रूळांवरून नेली आणि दुसरा गिअर टाकला, तेव्हा त्याच्या हाताची मूठ डोमाजीच्या गुडघ्याला लागली. तिसरा टाकताना सुटली. पुढं कुणाची तरी म्हैस आडवी आली, पुन्हा दुसरा, पुन्हा ती मूठ त्या हाडकुळ्या, उन्हानं गरम झालेल्या गुडघ्याला. डोमाजी रस्त्याकडं बघत होता. मधूनच मान वळवून मुलाच्या तोंडाकडं बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडं.

"पाय लागून राह्यला तुले," तो म्हणाला. "घेऊ काय बाजूले?"

"राहू द्या, बाबा."

तिथून घरापर्यंत रस्ता सरळ होता. रविवारची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एका गिअरमध्ये आरामात पोचता आलं असतं. नागनाथ उगाचच गिअर बदलत राहिला.